डबा रिकामा द्यायचा नसतो

यशपाल बनसोडेला धम्मप्रिया सोडून गेली, असं कुणी म्हटलं तर तो लगेच दुरुस्ती करतो. सोडून गेली नाही. सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या रसवंतीत तिनं उसाच्या रसाचा अर्धा ग्लास खाली ठेवला, ओढणी सावरली, "तुझं ठरलं की सांग," एवढंच म्हणाली आणि स्कूटी काढून निघून गेली. आता याला सोडून जाणं म्हणायचं का? हा प्रश्न यशपालनं उन्हाळाभर डोक्यात घोळवला, पावसाळाभर घोळवला आणि थंडी पडायला लागली तरी त्याचं घोळवणं चालूच होतं. मधल्या काळात ना फोन, ना मेसेज, ना भेट. तरीपण सोडून गेली नाही म्हणे.

ठरवायचं होतं ते काही फार अवघड नव्हतं. आईला सांगायचं होतं, बस्स. आई, मला एक मुलगी आवडते, तिचं नाव धम्मप्रिया, ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. दोन्ही घरं 'जय भीम'वाली, दोघांना नोकऱ्या, पत्रिका बघायचा प्रश्न नाही. पण यशपालची आई मनकर्णाबाई वळसंगची, आणि वळसंगला यशपालचे मामा, आणि मामांना साक्षी नावाची मुलगी. आई अधूनमधून "साक्षी लई गुणाची हाय" असं भाजीला मीठ घालता घालता म्हणायची आणि यशपाल त्यावर "हं" म्हणायचा. ह्या 'हं'नं त्याचा घात केला. सांगू, जयंती होऊ दे. सांगू, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. सांगू, प्रमोशनची यादी लागू दे. धम्मप्रियानं सगळं होऊ दिलं, आणि मग तो रसाचा ग्लास खाली ठेवला.

यशपालला ह्या स्वभावाबद्दल फार बोल लावता येणार नाही, कारण सरकार त्याला त्याचाच पगार देतं. तो एका कचेरीत कनिष्ठ लिपिक आहे आणि समोर आलेल्या कागदावर 'विचाराधीन' लिहिण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या मजल्यावर कुणी नाही. शेजारच्या टेबलावरचा ईरप्पा अक्कलकोटकडचा, घरी कानडी, कचेरीत मराठी आणि साहेबांपुढं मौन. यशपालनं त्याच्यापुढं सगळं प्रकरण ठेवलं आणि विचारलं, की 'ठरलं की सांग' याचा अर्थ दार उघडं आहे असाच होतो ना? ईरप्पानं डब्यातली कडक भाकरी मोडली. आपण लोकांना 'निर्णय झाल्यावर कळवण्यात येईल' असं लिहून देतो, त्यातल्या किती जणांना आजवर कळवलं, एवढंच त्यानं विचारलं. यशपालचं जेवण तिथंच संपलं.

मेसेज करायचा प्रयत्न त्यानं केला नाही असं नाही. 'जेवलीस का' लिहिलं आणि पुसलं. इतक्या महिन्यांनी एकदम जेवणाचं विचारलं तर मधली सगळी जेवणं कुठं गेली? 'कशी आहेस' लिहिलं, ते मावशीनं विचारल्यासारखं वाटलं म्हणून पुसलं. शेवटी नुसतं 'हाय' लिहिलं आणि मग एक नवीनच शंका आली. सोलापुरात 'हाय' म्हणजे इंग्रजीतला नमस्कारही आणि 'आहे'सुद्धा. धम्मप्रियाला वाटायचं, हा काय सांगतोय? काय हाय? कुठं हाय? ईरप्पा म्हणाला, उलट उत्तमच. तिनं मनात विचारलं असेल, 'ह्या माणसात काही दम हाय का न्हाय', त्याचं उत्तर जाईल. यशपालनं तेही पुसलं. आपण इकडं लिहितोय आणि पुसतोय हे तिला तिकडं दिसत असेल, हे ध्यानात आल्यावर त्यानं फोन उशीखाली घातला आणि त्यावर बसून राहिला.

तेव्हा त्याला डब्याची आठवण झाली.

रसवंतीच्या आधी काही दिवस धम्मप्रियानं त्याला स्टीलच्या डब्यातून घरची शेंगाचटणी दिली होती. चटणी संपली, डबा राहिला. साधासुधा डबा नव्हता. झाकणावर सुरेख अक्षरांत कोरलेलं होतं: 'चि. धम्मप्रिया, दहावी पास, आत्याकडून'. यशपालनं तो कपाटात स्वेटरांच्या मागं लपवला होता. डबा परत करायला तर माणूस जाऊ शकतो की नाही? त्यात प्रेम नाही, लाचारी नाही, नुसता सभ्यपणा आहे. वस्तू ज्याची त्याला. यशपालला इतकं हलकं वाटलं, की त्यानं ईरप्पाला स्वतःहून चहा पाजला.

पण ईरप्पानं चहा पिऊन तोंड पुसलं आणि विचारलं, "डब्यात घालून काय देणार?"

इथं घोडं अडलं. आपल्याकडं कुणाचा डबा कुणी रिकामा परत देत नाही. घरात काही नसलं तरी चार शेंगदाणे, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच द्यायचा. रिकामा डबा म्हणजे आता देणंघेणं मिटलं. तेव्हा काय घालायचं, ह्यावर कचेरीत आठवडाभर खल चालला. शेंगाचटणी घालावी तर तिची तिलाच परत केल्यासारखी. पेढे घातले तर ती समजणार, ह्याचं दुसरीकडं जमलं. लाडू घातले तर लग्नच झालं. तिळगूळ दिला तर संक्रांत लांब, शिवाय 'गोड बोला' म्हणजे तू कडू बोलत होतीस असा टोमणा. लोणचं नको, आंबट. कडक भाकरी डब्यात मावत नाही. मग यशपालनं बिचकत 'साखर?' असं विचारलं, तेव्हा ईरप्पानं त्याच्याकडं नीट बघितलं. मुलीच्या घरी डबाभर साखर नेणं म्हणजे सोयरीक विचारायला जाणं. ते करायचं धाडस असेल तर डब्याचं निमित्त कशाला पाहिजे, असं तो म्हणाला. यशपालनं साखर तात्काळ रद्द केली.

अखेर खारे शेंगदाणे ठरले. खाऱ्या शेंगदाण्यांतून कसलाच अर्थ निघत नाही, म्हणून. शनिवारी सुट्टी होती. यशपाल सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून विजापूर रोडच्या भडभुंज्याकडं गेला, गरम शेंगदाणे घेऊन आला, कपाट उघडलं आणि बघतो तर स्वेटर नाहीत. स्वेटरांच्या मागं डबाही नाही.

स्वेटर गच्चीवर उन्हात होते. थंडी पडली म्हणून आईनं काढले होते. आणि डबा? मनकर्णाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की खाली गंगव्वाचे गुडघे लई दुखतायत, म्हणून डिंकाचे लाडू केले होते, ते त्या डब्यातून दिले. घरात दुसरे डबे नव्हते का, असं यशपालनं विचारलं. होते, पण हाच हाताला लागला, असं आई म्हणाली आणि मेथीची पुढची जुडी सोडली.

गंगव्वा म्हणजे तळमजल्यावरच्या चनबसप्पांची बायको. चनबसप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, सोसायटीचे चेअरमन, आणि शुगरचे जुने पेशंट. यशपाल जिना उतरून गेला तेव्हा ते बनियनवर आरामखुर्चीत बसले होते. डाव्या हाताच्या कोपरात कापसाचा बोळा दाबलेला आणि उजव्या हातात डिंकाचा लाडू. दर महिन्याला लॅबची मुलगी घरी येऊन उपाशीपोटी रक्त घेऊन जायची; ती कोण, हे यशपालनं कधी विचारलं नव्हतं. ते झाल्यावर त्यांना लाडू खायचा पूर्ण हक्क होता, असं त्यांचं म्हणणं. यशपालच्या हातात त्यांनी एक लाडू जबरदस्तीनं कोंबला आणि तो खाल्ल्याशिवाय बोलू दिलं नाही. कंडक्टर माणूस, आत आलेल्याला बसवूनच पुढं जायची सवय.

लाडू घशाखाली गेल्यावर यशपालनं डबा मागितला.

"डबा गेला की," चनबसप्पा म्हणाले. "ती रक्तवाली पोरगी घेऊन गेली. म्हणाली, माझा हाय."

लाडू यशपालच्या छातीत कुठंतरी थांबला. चनबसप्पांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. पोरगीनं सुई काढली, बोळा लावला, आणि तिची नजर टेबलावरच्या डब्यावर गेली. झाकण हातात घेऊन वाचलं. कुठून आला म्हणाली. चनबसप्पांनी सांगितलं, वरच्या बनसोड्यांकडून. आणि एवढ्यावर थांबतील तर ते चनबसप्पा कसले. पोरगीचा चेहरा बघून तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी पुढं जोडलं, की एवढं काय त्यात, असले लई डबे हायत त्यांच्या घरात, कुणाकुणाला वाटत असतात. मग त्या पोरगीनं लाडू त्यांच्या ताटात ओतले, डबा पिशवीत घातला आणि गेली.

"रिकामा नेला?" यशपालनं विचारलं.

"रिकामाच की, यप्पा. लाडू आमचे होते."

म्हणजे झालं. तिची वस्तू ह्यानं कपाटात जपून ठेवलेली, ती तिला सापडली परक्याच्या टेबलावर, दुसऱ्याच्या लाडवांनी भरलेली. आणि परत गेली ती रिकामी. आता डबासुद्धा राहिला नाही. संपर्क करायचा की नाही हा प्रश्न इतके महिने त्याच्या हातात होता, निदान तसं त्याला वाटत होतं. त्या जिन्याखाली उभं राहून पहिल्यांदाच त्याला कळलं, की आपण विचार करत बसलो तेवढ्या वेळात ती खरंच जाऊ शकते. त्यानं तिथल्या तिथं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तेच. मग शेंगदाण्यांची पुडी खिशात कोंबून त्यानं गाडीला किक मारली. आसरा चौकातल्या सिग्नलला उभं राहायचा धीर नव्हता, तरी उभा राहिला, कारण समोर हवालदार होता.

लॅबच्या काउंटरवर एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. यशपालनं धम्मप्रिया मॅडमना भेटायचंय असं सांगितलं. टेस्ट कोणती, असं गृहस्थांनी विचारलं. टेस्ट नाही, फक्त भेटायचंय. तसं भेटता येत नाही, आत फक्त पेशंट जातात. काम खाजगी आहे. खाजगी कामाचं इथं काउंटर नाही. यशपाल स्वतः वर्षानुवर्षं असल्याच चेहऱ्यानं लोकांना परत पाठवत आला होता, पण चेहरा दुसऱ्या बाजूनं कसा दिसतो ते त्यानं आज बघितलं. शेवटी तो म्हणाला, बरं, मग टेस्ट करा. कोणती? तुम्हीच सांगा. शुगर? उपाशी आहात का? यशपालला चनबसप्पांचा लाडू आठवला आणि खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. मग उद्या सकाळी या, गृहस्थ म्हणाले. उद्या! उद्या म्हणजे पुन्हा विचार करायला अख्खी एक रात्र. यशपालनं काउंटर घट्ट धरला आणि न जेवता-खाता, जेवून-खाऊन, कशीही होणारी एखादी टेस्ट आहे का विचारलं. हिमोग्लोबिन होतं. घ्या म्हणाला.

बाकड्यावर तो बसेना. बसला तरी पाय बसेना. शेजारच्या एका आजीबाईंनी त्याला धीर दिला, की मुंगी चावल्यासारखं होतं, बाळा, घाबरू नगं. त्यानं मान हलवली. आतून एकेक नंबर पुकारला जात होता आणि तो आवाज धम्मप्रियाचा होता. किती दिवसांनी ऐकत होता तो. आवाज तसाच होता, आणि एवढ्यानंच त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. आजीबाईंना वाटलं, सुईला घाबरतोय.

त्याचा नंबर आला. आत टेबलावर बाटल्या, कापूस, आणि बाजूच्या फळीवर तो डबा. धम्मप्रियानं वर बघितलं. मग पुढ्यात कागद ओढला.

"नाव?"

यशपालनं नाव सांगितलं. तिनं ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं लिहून घेतलं. बसा म्हणाली. बाही वर करा म्हणाली. त्या 'बसा'नं आणि 'करा'नं त्याचा जेवढा अपमान झाला तेवढा आजवर साहेबांनीही केला नव्हता. तिनं दंडाला पट्टा आवळला. यशपालनं घाईघाईनं सुरुवात केली: डबा मी कुणाला दिला नव्हता, स्वेटरमागं होता, थंडी पडली, आईनं लाडू केले, घरात असले डबे अजिबात नाहीत, चनबसप्पा काकांना बोलायची फार सवय.

"मूठ आवळा म्हटलं," धम्मप्रिया म्हणाली. "बोला नाही म्हटलं."

त्यानं मूठ आवळली. ती शीर शोधायला लागली. सापडेना.

"ठरलंय माझं," तो म्हणाला.

"काय ठरलंय?"

"आईला सांगायचं."

"कधी?"

इथं यशपालच्या तोंडात सवयीनं प्रमोशनची यादी येऊन उभी राहिली होती. ती त्यानं गिळली.

"आज. इथून गेल्यावर."

सुई आत गेली. दोघंही नळीत चढणाऱ्या रक्ताकडं बघत राहिले, कारण एकमेकांकडं बघायची सोय नव्हती. "मूठ सोडा," ती म्हणाली. मग सुई काढली, कापूस ठेवला आणि त्याचा हात स्वतःच्या हातानं दुमडला.

"दाबून धर," ती म्हणाली. "थोडा वेळ बस असाच."

धर म्हणाली. धरा नाही. यशपालनं कापूस इतका दाबला की बोट पांढरं झालं. आता ती आणखी काहीतरी म्हणेल म्हणून तो बघत राहिला. धम्मप्रियानं नळीवर चिठ्ठी लावली, ती हलवली आणि म्हणाली, "बरं. आता माझं ठरलं की सांगते." आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी येऊन यशपाल आईसमोर बसला. मेथी निवडून झाली होती, आता लसूण चालू होता. त्यानं वाटेत पाठ केलेलं सगळं भाषण केलं: मुलगी, नाव, नोकरी, आणि साक्षी चांगली आहे पण. 'पण'च्या पुढं त्याला जाता आलं नाही. मनकर्णाबाईंनी पाकळी सोलून वाटीत टाकली.

"नाव मला वाचता येतंय की रं," त्या म्हणाल्या. "डबा मला गवसला त्याला पंधरवडा झाला. खाली रक्त न्यायला येणारीच्या गळ्यातल्या कार्डावर बी त्येच नाव. आज ती येणार म्हनूनच दिलते लाडू. तू काय हलंना, म्हटलं डबा तरी हलंल."

यशपालनं एवढंच विचारलं: आणि साक्षी? साक्षीचं तर म्हणे पुण्यात ठरत आलंय; हे आई त्याला सांगणार होती, पण हा नुसता 'हं' म्हणतो तर पुढं बोलायचं कुणाशी.

त्यानंतरचे दिवस यशपालनं कसे काढले ते ईरप्पाला विचारावं. आता विचार करायलाही काही उरलं नव्हतं. प्रकरण दुसऱ्या टेबलावर गेलं होतं आणि निर्णय झाल्यावर कळवण्यात येणार होता. फोन वाजला की तो खुर्चीतून उठायचा. एकदा लॅबचा मेसेज आला तेव्हा कचेरीतल्या जिन्यात धावला; हिमोग्लोबिन उत्तम होतं. समोरच्या कागदांवर 'विचाराधीन' लिहायला त्याचा हात धजेना. दोन-तीन म्हाताऱ्यांची जुनी कामं त्यानं त्या बेचैनीत मार्गी लावून टाकली, आणि साहेबांनी त्याला तब्येत बरी आहे ना असं विचारलं.

इकडं चनबसप्पांची शुगर भलतीच चढलेली निघाली. डॉक्टरांनी कान उपटले तेव्हा त्यांनी कबूल केलं, की एक लाडू रक्त द्यायच्या आधीच खाल्ला होता. डबा समोर होता, काय करणार. तपासणी पुन्हा करायची ठरली. त्या सकाळी यशपाल मुद्दाम घरात थांबला, आणि खाली जावं की न जावं ह्या विचारात दारामागं उभा राहिला. जिन्यात पावलं वाजली. ती चनबसप्पांची निघाली. त्यांच्या हातात तो स्टीलचा डबा होता.

"त्या पोरगीनं दिला. वर मनकर्णाबाईंना द्या म्हणाली. मला झाकण उघडू दिली न्हाय," ते दुखावल्या सुरात म्हणाले आणि काहीतरी कळेल म्हणून दारातच उभे राहिले.

आईनं झाकण काढलं. आत काठोकाठ शेंगाचटणी होती. लाल, तेल सुटलेली, घर भरून वास.

यशपाल झाकणावरची अक्षरं वाचत राहिला. डबा तिचा होता. तो परत करायची तिला काहीच गरज नव्हती. एकदा घरी गेलेला डबा तिनं पुन्हा बाहेर काढला होता, आणि आता तो ह्या घरातून त्या घरी रिकामा जाऊ शकत नव्हता.

"आता ह्यात काय घालून द्यायचं ते ठरव बाबा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "घाई न्हाय. संक्रांतीपतूर ठरव."

"साखर," यशपाल म्हणाला.

चनबसप्पांनी दचकून त्याच्याकडं बघितलं. ह्या मुलानं एखादी गोष्ट एका शब्दात सांगितलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. यशपालनं चटणी स्वतःच्या जेवणाच्या डब्यात ओतली, तिचा डबा नळाखाली धरून खसाखसा घासला आणि निथळता तसाच साखरेच्या बरणीकडं घेऊन निघाला.

"अरं, पुसून घे आधी," आई मागनं म्हणाली. "वल्ल्या डब्यात साखर चिकटती."